स्वर सुरू कसा होतो आणि थांबतो कुठे : डबल बासविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात तंतुवाद्यांविषयी लिहिताना डबल बासचा, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातील सर्वांत मोठ्या आणि खर्जातल्या वाद्याचा, उल्लेख मी एका परिच्छेदात उरकला होता, आणि त्याची भरपाई करण्याची वेळ वाचकांनी लगेच आणली. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. प्रश्न मी थोडे संक्षिप्त केले आहेत. उत्तरांची लांबी मात्र सारखी ठेवलेली नाही, कारण काही प्रश्नांचे उत्तर चार ओळींत संपते आणि काहींचे संपता संपत नाही.

प्रश्न : उस्ताद झाकीर हुसेन यांच्या निधनानंतर त्यांची ध्वनिमुद्रणे पुन्हा ऐकताना एडगर मायर हे डबल बासवादक मी प्रथमच लक्ष देऊन ऐकले. एकच माणूस बाख वाजवतो, अमेरिकेतील ग्रामीण संगीत वाजवतो आणि तबल्याबरोबरही बसतो. अशा वादकाचे एखाद्या शैलीत खोल शिक्षण झालेले असते, की सगळीकडचे थोडे थोडे? (एक वाचक, पुणे)

आपल्या प्रश्नात एक रास्त शंका दडलेली आहे. बारा गावचे पाणी प्यालेला माणूस कोणत्याच गावचा नसतो, असे आपल्याकडे मानले जाते, आणि संगीतात ते बहुतेक वेळा खरेही ठरते. मायर यांच्या बाबतीत ते का खरे ठरले नाही, हे समजून घेण्यासाठी त्यांची जडणघडण पाहावी लागेल.

मायर यांचा जन्म १९६० सालचा. ते टेनेसी राज्यातील ओक रिज या गावात वाढले. अणुबाँबच्या प्रकल्पासाठी वसवलेल्या या गावातील सार्वजनिक शाळांमध्ये तंतुवाद्यवृंदाचा कार्यक्रम होता आणि तो चालवणारे शिक्षक म्हणजे मायर यांचे वडील. पाचव्या वर्षी वडिलांकडूनच त्यांनी हे वाद्य शिकायला सुरुवात केली. पुढे इंडियाना विद्यापीठात स्टुअर्ट सँकी या नामांकित शिक्षकांकडे त्यांनी रीतसर पाश्चात्त्य अभिजात शिक्षण घेतले आणि १९८४ मध्ये पदवी मिळवली. त्यानंतर ते नॅशव्हिलला गेले, जिथे ब्लूग्रासचे, म्हणजे आपण म्हणता त्या अमेरिकी ग्रामीण संगीताचे, उत्तमोत्तम वादक राहत होते. म्हणजे एक परंपरा त्यांनी गुरूसमोर बसून तळापर्यंत शिकून घेतली आणि दुसरी त्या परंपरेच्या माणसांबरोबर रोज वाजवून अंगी मुरवली. या दोन्हींना ‘थोडे थोडे’ म्हणता येणार नाही.

पण आपल्या प्रश्नाचा खरा गाभा वाद्याच्या तंत्रात आहे, आणि तिथे मी जरा रेंगाळणार आहे. ऐकणाऱ्याला वाटते की शैली बदलली म्हणजे स्वर बदलले. बास वाजवणाऱ्याचा अनुभव वेगळा आहे. डाव्या हाताचा भूगोल सगळीकडे तोच राहतो, कारण पंचम जिथे आहे तिथेच आहे, मग संगीत बाखचे असो की लावणीचे. शैली राहते ती उजव्या हातात. स्वर नेमक्या कोणत्या क्षणी सुरू झाला, तो कसा फुलला आणि कुठे थांबला, या तीन गोष्टींवर बासवादकाची शैली ठरते, आणि या तिन्हींपैकी ‘कुठे थांबला’ ही गोष्ट सर्वांत उशिरा उमगते.

जॅझमध्ये बासवादक चारही मात्रांवर एकेक स्वर छेडत चालत राहतो. तिथे प्रत्येक स्वर पुढचा स्वर येईपर्यंत घुमत राहावा लागतो. मध्ये पोकळी पडली की चाल लंगडी होते. ब्लूग्रासमध्ये पूर्वापार ढोल-ताशाच नसतो, त्यामुळे ठेका सगळ्या तंतुवाद्यांनी मिळून उभा करायचा असतो. बास पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर स्वर देतो, आणि मँडोलिन दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर तारा दाबून एक कोरडा, तुटक आघात देते, ज्याला ते ‘चॉप’ म्हणतात. येथे बासचा स्वर लांबला आणि त्या आघातावर सांडला, तर सगळा ठेका चिखलात रुतल्यासारखा वाटतो. म्हणजे जॅझमध्ये जो गुण आहे तो येथे दोष ठरतो. बाखने चेलोसाठी, म्हणजे बासहून लहान अशा गजवाद्यासाठी, लिहिलेल्या रचना बासवर वाजवताना प्रश्न तिसराच येतो. तिथे ठेका धरणारा दुसरा कोणी नसतो, आणि गज कुठे वळवायचा, म्हणजे श्वास कुठे घ्यायचा, हे वादकाने एकट्याने ठरवायचे असते. मायर यांनी या रचनांपैकी तीन ध्वनिमुद्रित केल्या आहेत. त्या ऐकताना हाताचा वेग थक्क करतोच, परंतु मला त्यातील वाक्ये संपवण्याची त्यांची पद्धत अधिक मोलाची वाटते.

आणि तबला? डग्ग्याचा घुमारा आणि बासचा खर्ज साधारण एकाच पट्टीतल्या खोलीत राहतात, आणि ती खोली लहान आहे. दोघेही एकदम भरभरून बोलले तर ऐकणाऱ्याला फक्त गुरगुर ऐकू येते. डग्ग्यावर मींड घेतली जात असेल तेव्हा बासने स्वर आवरता घ्यायचा, किंवा वरच्या सप्तकात जाऊन गजाने वाजवायचे. मायर, बँजोवादक बेला फ्लेक आणि झाकीरभाई या तिघांनी नॅशव्हिलच्या नव्या सिंफनी सभागृहाच्या उद्घाटनासाठी २००६ साली बास, बँजो, तबला आणि वाद्यवृंद यांच्यासाठी एक रचना केली होती, आणि २०२३ मध्ये राकेश चौरसिया यांच्या बासरीसह या तिघांचे ‘ॲज वी स्पीक’ हे ध्वनिमुद्रण आले, ज्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन ग्रॅमी मिळाले. या ध्वनिमुद्रणात मायर राग गाऊ पाहत नाहीत, आणि मला त्यात शहाणपण दिसते. जी परंपरा आपली नाही तिच्याशी बोलताना त्यांनी नक्कल टाळली आणि जागा सोडण्याचे कौशल्य कामी लावले.

स्वतःचे सांगायचे, तर हे मला एका भावगीताच्या ध्वनिमुद्रणात उमगले. तेव्हा मला वाजवायला लागून आठ वर्षे झाली होती. संगीतकारांनी तिसऱ्या टेकनंतर काचेपलीकडून एवढेच सांगितले की सूर बरोबर आहेत, पण ते घरी जात नाहीत. मी सगळे स्वर जॅझच्या सवयीने लांबवत होतो आणि गायिकेच्या शब्दांवर माझी सावली पडत होती. उजव्या हाताची बोटे तारेवर परत टेकवून स्वर मिटवायला मी त्या दिवशी शिकलो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि पाच वर्षे बास गिटार वाजवतो. डबल बासवर पोट भरता येईल का? घरी काय सांगू? (एक विद्यार्थी, ठाणे)

घरी आधी एवढे सांगा की पदवी पूर्ण करणार आहे. हे मी वडीलधारेपणाने सांगत नाही. वाद्य महाग आहे, आणि पहिली काही वर्षे त्याचा खर्च दुसऱ्या कोणत्या तरी कामातूनच निघतो.

आता मूळ प्रश्न. डबल बासच्या इतिहासात एक गंमत आहे. १९व्या शतकातील सर्वांत मोठे बासवादक जिओवान्नी बोत्तेसिनी मिलानच्या संगीतशाळेत गेले, तेव्हा तिथे फक्त दोन शिष्यवृत्त्या शिल्लक होत्या, एक ‘बसून’ या फुंकून वाजवायच्या वाद्याची आणि दुसरी डबल बासची. व्हायोलिन शिकलेल्या त्या मुलाने बास निवडला. पुढे वादक म्हणून त्यांनी युरोप गाजवला आणि १८७१ मध्ये कैरो येथे व्हर्दीच्या ‘आयदा’ या ऑपेराचा पहिला प्रयोगही त्यांनीच संचालित केला. सांगायचा मुद्दा असा की बासची गरज सर्वांना असते आणि वाजवणारे थोडे असतात. ही परिस्थिती दोनशे वर्षांत फारशी बदललेली नाही, आणि तीच तुमची मुख्य ठेव आहे.

परंतु केवळ तुटवड्यावर कारकीर्द उभी राहत नाही. मुंबईत हिंदी चित्रपटांच्या मोठ्या वाद्यवृंदांचा जो काळ होता, त्यात डबल बासवादकाला नियमित काम होते. आधी बास गिटारने आणि नंतर संगणकावरील ध्वनींनी ते काम बव्हंशी गिळले. आज येथे जे काम आहे ते तुकड्यातुकड्यांत आहे. जॅझच्या मैफली, लग्नसमारंभ व हॉटेलांतील कार्यक्रम, चर्चमधील ख्रिसमसचे गायनवृंद, नाटकांचे पार्श्वसंगीत, अधूनमधून ध्वनिमुद्रण आणि शिकवणी, या सगळ्यांची गोधडी शिवावी लागते. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण त्याचे हंगाम ठरावीक आहेत आणि वादकांची पातळी आंतरराष्ट्रीय आहे. अशा ठिकाणी किंवा परदेशातील कोणत्याही वाद्यवृंदात निवडचाचणी द्यायची तर बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतील शेवटच्या भागाची सुरुवात, त्याच्याच पाचव्या सिंफनीतील तिसऱ्या भागातली धावपळ, आणि माहलरच्या पहिल्या सिंफनीतील तो एकाकी बासचा उतारा, हे सारे झोपेतून उठवले तरी वाजवता आले पाहिजे. बास गिटारवरून येणाऱ्याला तारांची जुळणी ओळखीची असते, कारण दोन्हींकडे ई-ए-डी-जी हाच क्रम आहे. पण डबल बासवर पडदे नसतात आणि गज असतो, त्यामुळे पाच वर्षांचा अनुभव एकदम दीड वर्षाचा होऊन जातो. याची मनाची तयारी ठेवा. दुखते ते बोटांपेक्षा अहंकाराला.

आदर्श म्हणून मी तुम्हाला रॉन कार्टर यांच्याकडे पाहायला सांगेन. त्यांनी दहाव्या वर्षी चेलो हाती घेतला, पुढे बासकडे वळले आणि अभिजात संगीताची पदवी व पदव्युत्तर पदवी दोन्ही घेतल्या. १९६३ ते १९६८ या काळात ते जॅझमधील ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या पंचकात होते. २०१५ साली गिनेस बुकने त्यांच्या २,२२१ ध्वनिमुद्रणांची नोंद सर्वाधिक ध्वनिमुद्रित जॅझ बासवादक म्हणून केली. इतके काम असलेल्या या माणसाने न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये अनेक वर्षे शिकवले. आपल्याकडे शिकवणीकडे मैफली न मिळालेल्यांचा आसरा म्हणून पाहण्याची जी वाईट खोड आहे, ती निदान बासवादकांनी तरी सोडावी. दुसऱ्याचा उजवा हात दुरुस्त करताना स्वतःच्या हाताचे दोष जितके स्पष्ट दिसतात तितके आरशातही दिसत नाहीत.

एक व्यावहारिक बाब राहिली. हे वाद्य जवळपास माणसाच्या उंचीचे असते. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये ते नेता येत नाही, रिक्षात बसत नाही, आणि विमानासाठी कठीण कवचाची पेटी घ्यावी तर तिचे वजन व भाडे निराळे. बाहेरगावच्या कार्यक्रमात आयोजकांनी दिलेल्या अनोळखी वाद्यावर वाजवण्याची सवय लवकर लावून घ्या आणि मानधन ठरवताना टेम्पोचे भाडे वेगळे लिहून घ्या. यावरून माझे एका आयोजकांशी वाजले होते, ते त्यांचे नाव न घेता येथेच सोडतो.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी दोन वर्षे व्हायोलिन शिकते आहे. शाळेच्या कार्यक्रमात डबल बास पाहिल्यापासून तिला तोच हवा आहे. इतक्या लहान हातांना तो झेपेल का? (एक आई, नाशिक)

ताई, झेपेल, पण तिच्या मापाचा मिळाला तर. या वाद्याच्या मापांची नावे फसवी आहेत. मोठी माणसे जो वाजवतात त्याला ‘पाऊण’ म्हणतात, आणि पूर्ण मापाचा बास फार थोड्यांकडे असतो. मुलांसाठी अर्धा, पाव आणि त्याहूनही लहान बास बनतात. नऊ वर्षांच्या मुलीला बहुधा पाव मापाचा योग्य पडेल, मात्र तिला वाद्याशेजारी उभे करून, तिचा पहिला स्वर घेणारा हात खांद्याहून फार वर जात नाही ना, हे पाहूनच ठरवा.

मापाचा आग्रह का, ते आकड्यांतून कळेल. व्हायोलिनची तार सुमारे ३३ सेंटिमीटर वाजते, म्हणून पहिला अर्धस्वर साधारण १.८ सेंटिमीटरवर मिळतो. पाऊण मापाच्या बासची तार सुमारे १०५ सेंटिमीटर असते आणि तिथे तोच अर्धस्वर जवळजवळ ६ सेंटिमीटर दूर असतो. म्हणून व्हायोलिनवर चार बोटांत चार स्वर बसतात, आणि बासवर पूर्ण पसरलेल्या हातात जेमतेम एक पूर्ण स्वर मावतो. व्हिएन्नाचे शिक्षक फ्रान्झ सिमांडल यांनी १९व्या शतकात रूढ केलेल्या पद्धतीत खालच्या भागात पहिले, दुसरे आणि चौथे बोटच वापरतात, आणि तिसरे बोट चौथ्याला आधार देते. बासच्या तारा व्हायोलिनसारख्या पंचमाच्या अंतरावर न जुळवता मध्यमाच्या अंतरावर का जुळवतात, याचेही कारण हेच आहे. तारांमधले अंतर जितके कमी, तितकी हाताची धावपळ कमी. (याला अपवाद आहेत. जॅझमधील रेड मिचेल यांनी १९६६ पासून पंचमातच जुळवून वाजवले. पण मुलीला ते इतक्यात सांगू नका.)

दोन वर्षांचे व्हायोलिन वाया जाणार नाही. तिचा कान तयार आहे आणि गजाशी ओळख आहे. डाव्या हाताला मात्र सगळे नव्याने शिकावे लागेल, आणि ती पहिले काही आठवडे रडकुंडीला येईल, कारण व्हायोलिनवर हात हलवायची गरज नसते तिथे बासवर तिला सरकावे लागेल. गज धरण्याचे दोन प्रकार आहेत. फ्रेंच पद्धतीत हात वरून असतो, व्हायोलिनसारखा, आणि जर्मन पद्धतीत तो बाजूने, करवत धरल्यासारखा. तिला आधीची सवय असल्याने फ्रेंच सोपी जाईल, तरी तिचे शिक्षक जी पद्धत स्वतः वाजवतात तीच धरू द्या. या विषयावर बासवादकांमध्ये जी भांडणे होतात त्यांचा वाजवण्याशी फारसा संबंध नसतो.

प्रश्न : आमच्या गावच्या चर्चमध्ये मी मुलांना व्हायोलिन शिकवतो. यंदा एका हितचिंतकाने दोन चेलो आणि एक लहान डबल बास दिला. सगळ्यांचा एकत्र वर्ग घ्यावा असे वाटते, पण बासवरचा मुलगा नेहमी मागे पडतो. त्याला वेगळे काढावे का? (एक शिक्षक, मडगाव)

मेस्त, त्याला वेगळे काढू नका. मागे पडतो आहे त्याचे कारण मुलगा नसून आपण निवडलेली धून असावी.

गोव्यात आपल्या परंपरेला मोठे पूर्वसंचित आहे. पोर्तुगीज काळातील चर्चच्या शाळांमधून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेल्या मुलांनीच पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद भरून टाकले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. ते चित्रपटांसाठी वाजवत आणि रचना लिहीत, आणि संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन त्यांनीच शिकवले. मात्र त्या शाळांचा वर्ग मुख्यतः व्हायोलिनभोवती बांधलेला होता, आणि व्हायोलिनसाठी सोपी असलेली धून इतरांसाठीही सोपी असेल असे गृहीत धरण्याची सवय आपल्याला तिथूनच लागली.

आता उदाहरण पाहा. आपण बहुधा डी मेजरपासून सुरुवात करत असाल. निवड योग्य आहे, कारण डी आणि ए या मोकळ्या तारा व्हायोलिन, चेलो आणि बास या तिघांकडेही आहेत. व्हायोलिनवर डीच्या तारेवर चार आणि एच्या तारेवर चार असे आठही स्वर हात एकदाही न हलवता मिळतात. बासवर मात्र डीची मोकळी तार, मग ई आणि एफ शार्प, नंतर जीची मोकळी तार, ए आणि बी, येथवर हात जागेवर राहतो, आणि शेवटच्या दोन स्वरांसाठी, म्हणजे सी शार्प आणि वरच्या डीसाठी, त्याला हात खाली सरकवावा लागतो. तुमचा व्हायोलिनवरचा मुलगा जे पहिल्या महिन्यात करतो, त्यासाठी बासवरच्या मुलाला एक अख्खे नवे तंत्र लागते. शिक्षकांच्या नजरेत तो ‘मंद’ ठरतो, आणि मग तो वाद्य सोडतो. असे सोडून गेलेले दोन विद्यार्थी माझ्याही खात्यावर आहेत.

म्हणून पहिले दोन-तीन महिने सगळ्या वर्गाच्या धुनी डीपासून बीपर्यंतच्या सहा स्वरांतच ठेवा. सहा स्वरांत मावणाऱ्या मांडो या गोव्यातील गीतप्रकाराच्या आणि भजनांच्या ओळी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. दुसरे असे की बासला प्रत्येक वेळी धून देऊ नका. सगळे धून वाजवत असताना त्याला फक्त डी आणि ए या दोन मोकळ्या तारा ठेक्यावर वाजवायला द्या. हे कमी प्रतीचे काम आहे असे त्याला वाटू देऊ नका. एकदा त्याला मध्येच थांबवा आणि वर्गाला विचारा की काय हरवले. मुले बरोबर सांगतात. त्यानंतर बासवरच्या मुलाची मान आपोआप ताठ होते.

तिसरी गोष्ट उजव्या हाताची आहे, आणि एकत्र वर्गाचा खरा फायदा तिथेच आहे. सुरुवातीचा सबंध तास मोकळ्या तारांवरच घ्या आणि सगळ्यांना एकाच क्षणी गज थांबवायला सांगा. सुरुवात एकत्र करणे मुलांना लवकर जमते, पण शेवट एकत्र करायला ती महिनाभर घेतात. बासची जाड तार गज टेकवल्यावर बोलायला क्षणभर उशीर लावते, म्हणून बासवरच्या मुलाला इतरांपेक्षा कणभर आधी निघावे लागते. हे त्याला शब्दांत समजावू नका. त्याला पहिल्या व्हायोलिनच्या मुलाचा खांदा पाहायला सांगा, म्हणजे तो स्वतःच शोधून काढेल. बासची स्वरलिपी लिहिताना ती प्रत्यक्ष ध्वनीपेक्षा एक सप्तक वर लिहिली जाते, एवढे मात्र चेलोची पाने त्याच्यासमोर ठेवताना ध्यानात असू द्या. तेच पान वाजवले तर तो चेलोच्या एक सप्तक खाली वाजेल, आणि बहुतेक वेळा आपल्याला तेच हवे असते.

प्रश्न : ख्याल गायनाला तानपुऱ्याऐवजी किंवा तानपुऱ्याबरोबर डबल बासची साथ घेता येईल का? (एक गायिका, ग्वाल्हेर)

तानपुऱ्याऐवजी नको. तानपुऱ्याची जवारी जो स्वरांचा झरा सतत वाहता ठेवते, तो बासच्या तारेतून निघत नाही. तानपुऱ्याबरोबर घ्यायचा असेल तर एक धोका आधी ओळखा. ऐकणाऱ्याचा कान सर्वांत खालच्या स्वराला घर मानतो. तुम्ही गंधारावर न्यास केला आहे आणि बासवादकाने पाश्चात्त्य सवयीने खाली धैवत धरला, तर तोच गंधार क्षणात परका वाटू लागतो आणि राग जागच्या जागी हलतो. त्यामुळे साथ षड्ज आणि पंचम यांच्यापुरती, आणि गजाने, लांब श्वासाच्या स्वरांची असावी. तालात उतरल्यावर बासने गप्प राहिलेले मला अधिक बरे वाटते. ठुमरी किंवा नाट्यपदात मात्र थोडी मोकळीक घेता येते.

प्रश्न : माझ्या भावाने मुंबईहून जुना डबल बास आणला आहे. कोकणातल्या पावसात तो टिकेल का? (एक वाचक, चिपळूण)

आधी तो कशाचा आहे ते पाहा. वरची फळी प्लायची असेल तर पावसाची फारशी चिंता नाही, आवाज थोडा बोथट असतो इतकेच. अखंड लाकडातून कोरलेला असेल तर ओलाव्याने फुगून तारा बोटांपासून उंच जातात आणि वाजवणे जड होते. घोडीच्या पायांत फिरकीचे स्क्रू असतील तर पावसाळ्यात ती थोडी खाली घ्यावी आणि दिवाळीनंतर पुन्हा वर. वाद्य भिंतीला टेकवून ठेवू नये, कारण कोकणात भिंतीच घाम गाळतात. ते कुशीवर, खोलीच्या मध्ये ठेवावे. चारही तारा एकाच वेळी सैल करू नयेत, कारण आत नुसत्या दाबावर उभी असलेली लाकडी काठी पडते आणि ती पुन्हा उभी करणारा कारागीर मुंबईशिवाय सहज मिळणार नाही.

बाजूचा सांधा उघडलेला दिसला तर घाबरू नका. ही वाद्ये मुद्दाम सरसाने जोडलेली असतात, म्हणजे ताण आल्यावर लाकूड फाटण्याआधी सांधा सुटतो. भावाला एवढेच सांगा की तो फेव्हिकॉलने चिकटवू नकोस. पुढच्या वेळी ताण आला की सांध्याऐवजी फळीच तडकते.